धुऱ्याच्या अलीकडे

स्लाइड क्रमांक एकशे चौदा.
हॅमस्टर, डावी गालपिशवी, आठवडा नववा.
कॉलेजच्या मागे धानाच्या बांध्या,
बांध्यांपलीकडे नागभीडची लाइन,
आणि या खोलीत खिडकीला काळा कागद लावून
मी माउस धरून बसले आहे.
माउस म्हणजे उंदीर, यावर कोहपरे रोज एकदा हसतात
पिंजऱ्यांना पाणी लावून झालं की.

सॉफ्टवेअर म्हणतं : सीमारेषा काढा.
मी काढते, टिंबाटिंबानं,
जांभळ्या पेशींच्या कडेकडेनं.
जिथून निघालो तिथंच येऊन रेघ मिटवायची,
नाहीतर क्षेत्रफळ शून्य, आणि पडद्यावर ओळ येते :
रेघ मिटली नाही, बाप्पा.
ही ओळ प्रफुल्ल डोंगरवारनं घातली,
वडसाचा पोरगा, प्रोग्राम लिहून दिला आणि गेला पुण्याला.
आम्ही ती काढली नाही.

मिटली. जाडी एकशे बारा मायक्रॉन.
सातव्या आठवड्यात याच्या भावाची अठ्ठ्याऐंशी होती.
भाऊ आता बाटलीत आहे.

बाबा मोजणी खात्यात साखळी ओढायचे.
खुणेचा दगड सापडेस्तोवर डबा सोडायचे नाहीत.
धुरा कोणी एकदम फोडत नाही, म्हणायचे,
यंदा नांगराचं एक तास,
पुढल्या साली अजून एक,
दोन्हीकडचं धान सारखंच हिरवं,
पोळ्याला एकमेकांच्या दारी जाणंही तसंच,
आणि एक दिवस दगड दिसतो
बांधीच्या मधोमध, एकटा, येड्यासारखा.

इथं धुरा म्हणजे तो खालचा पातळ पडदा.
वर कितीही थर चढोत,
केंद्रकं फुगोत, काळी पडोत, एकमेकांच्या अंगावर रेलोत,
पडदा शाबूत आहे तोवर
रकान्याचं नाव वेगळं : कर्कपूर्व.
पूर्व, म्हणजे अजून नाही.
या शब्दापाशी मी पुष्कळ वेळ थांबते.
सॉफ्टवेअर पुढची स्लाइड मागतं.

औषध कोहपरेच लावतात, ब्रश नंबर चार,
सोमवार, बुधवार, शुक्रवार,
मान अलगद धरून, लेकराला काजळ लावावं तसं.
मग हात धुऊन बाहेर ओट्यावर बसतात
आणि पन्नीवर खर्रा घोटतात, चर्र चर्र,
दिवसातून नऊदा, रविवार धरून.
"मले काई होत नाई, मॅडम.
यायले तर तुमी लावता म्हनून होते."

गेल्या महिन्यापासून डब्यात मिरची नसते.
काल म्हटलं, तोंड उघडा.
दोन बोटं गेली. तिसरं दातांवर अडलं.
मोबाइलचा उजेड आत धरला,
गालावर पांढरं काहीतरी,
भिंतीला चुन्याचा हात फिरवून कोणी अर्ध्यातच उठून गेल्यासारखं.
मी फोटो काढला.

आज सगळे गेल्यावर तो फोटो त्याच खिडकीत उघडला.
करू नये ते. हे यंत्र माणसांसाठी नाही.
परिमाण द्या, त्यानं विचारलं.
परिमाण नव्हतं माझ्याकडे,
एका गालाला किती मायक्रॉन, एका माणसाला किती.
तरी रेघ सुरू केली,
ओठाच्या कोपऱ्यापासून, टिंबाटिंबानं, मागे मागे,
दाढेपर्यंत, दाढेच्या मागे,
जिथं तोंड उघडत नाही
आणि फोटो संपतो.

रेघ मिटली नाही, बाप्पा.

"किती भरलं?" दारातून कोहपरे,
कुलूप हातात, मोजणीला उभा राहिलेला शेतकरी विचारतो तसं.
माझा डबा तसाच बांधलेला होता.
सकाळी सहाची गाडी आहे चंद्रपूरची, मी म्हणाले,
मी येते सोबत.
खिशातली पन्नी इथं ठेवा.

त्यांनी ठेवली, की-बोर्डच्या बाजूला.
लाइट बंद केला.
मग अंधारात, जरा वेळानं,
दुसऱ्या खिशातलीही.